वेगळी पंगत

नागपूरनं आजवर लोकसभेवर एकच बाई निवडून पाठवली आहे. अनसूयाबाई काळे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आणि मग १९५७ मध्ये पुन्हा. १९५८ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर या मतदारसंघातून बापूजी अणे गेले, जांबुवंतराव धोटे गेले, बनवारीलाल पुरोहित, दत्ता मेघे, विलास मुत्तेमवार, नितीन गडकरी गेले. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे. बाई काही पुन्हा गेली नाही.

हे मी आमच्या बँकेतल्या एका पक्क्या नागपूरकराला सांगितलं. गृहस्थ राजकारणातला किडा. कुठल्या वॉर्डात कुणाचं तिकीट कुणी कापलं हे त्याला तोंडपाठ. तो म्हणाला, "अनसूयामाता? पारडसिंग्याची?" काटोलच्या बाजूला पारडसिंग्याला अनसूयामातेचं देवस्थान आहे, अर्धं नागपूर तिथं जाऊन येतं. म्हटलं, "नाही हो, खासदार होत्या आपल्या." "मग नाही बा माहीत," म्हणाला आणि पासबुक छापायच्या यंत्राकडं वळला.

अनसूयाबाई जन्मानं बेळगावच्या, लग्नानं नागपूरच्या. मध्यप्रांतात बायकांना मताचा हक्क मिळाला १९२७ मध्ये, तोही सगळ्या बायकांना नव्हे. मालमत्ता, शेतसारा असल्या अटी पुरुषांनाही होत्या, मग ज्यांच्या नावावर चूलसुद्धा नव्हती त्या बायकांचं काय! पुढच्याच वर्षी अनसूयाबाई प्रांताच्या कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेल्या. १९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तशा राजीनामा देऊन बाहेर पडल्या. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत त्या उपसभापती झाल्या. या काळाबद्दल नागपुरातली जुनी मंडळी बोलायला बसली की गोष्ट ठरलेली असते. डॉ. खरे पंतप्रधान कसे झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत), रविशंकर शुक्लांशी त्यांचं कसं फाटलं, मग काँग्रेसनं खऱ्यांना बाहेरचा रस्ता कसा दाखवला. सांगणारा रंगून सांगतो. त्या सभागृहात सभापती नसले की अध्यक्षाच्या खुर्चीवर बसायचा हक्क एका बाईचा होता, एवढं मात्र त्या रंगात राहून जातं.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीला लोक ठाण्यांवर चालून गेले, दोन्हीकडची माणसं मेली, आणि मागून चिमुरात शिरलेल्या फौजेनं घराघरांतल्या बायकांवर जे अत्याचार केले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. या खटल्यांतल्या फाशीच्या कैद्यांचे जीव वाचावेत म्हणून झटणाऱ्यांत अनसूयाबाई होत्या. स्वातंत्र्याच्या सुमारास त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षही झाल्या. ही परिषद लक्षात ठेवा, पुढं तिच्याकडं यायचं आहे.

डिसेंबरात आमच्याकडं हिवाळी अधिवेशन भरतं. नागपूरकरांच्या दृष्टीनं अधिवेशन म्हणजे बंद रस्ते, हॉटेलांचे चढे भाव आणि मोर्चे. मोर्चे विधानभवनापर्यंत पोचू देत नाहीत, अलीकडंच अडवतात. मागं एकदा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अंगणवाडी सेविकांचा मोर्चा अडवला होता. दुपारची वेळ, बायका रस्त्यातच बसलेल्या. कुणी चप्पल काढून तिच्यावर बसलेली, कुणी प्लास्टिकच्या पिशवीवर. डबे उघडलेले, पोळीवर लोणचं, एकीच्या डब्यातला झुणका चौघींत फिरत होता. पोलिसांच्या कठड्याला टेकून बसलेल्या एका बाईनं मला विचारलं, "बाई, विधानभवन कोणतं वो याच्यातलं?" तिथून ते दिसतच नव्हतं. ती गडचिरोली जिल्ह्यातून रात्रभर प्रवास करून आली होती.

या टी पॉइंटच्या मॉरिस कॉलेजला आता सरकारी कागदावर वसंतराव नाईकांचं नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो म्हणतो, "म्हणजे मॉरिस ना?" तर या मॉरिसमध्ये कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवायच्या.

कुसुमावती जयवंत. जन्म १९०४ चा, अमरावतीचा. लंडनला जाऊन इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन आल्या, १९२९ मध्ये आत्माराम रावजी देशपांड्यांशी, म्हणजे कवी अनिलांशी, लग्न केलं. लग्नाआधीचा दोघांचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावानं १९७२ मध्ये छापून आला. तोवर कुसुमावती जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. आमच्या घरात त्या पुस्तकाची एक प्रत होती, माझ्या आत्याची. ती धंतोलीतल्या किती घरांत फिरून आली असेल कोण जाणे. परत आली तेव्हा तिला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, आणि कव्हरावर कुणीतरी 'पाककृती' असं लिहिलं होतं. आत्या आता नव्वदीच्या घरात आहे. परवा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "प्रेमपत्रं म्हणून आम्ही झडप घातली गं, आणि वाचतो तर काय, अभ्यास, परीक्षा आणि वाचलेली पुस्तकं. वाटलं, असं प्रेम करायचं तर आधी बी. ए. तरी व्हायला हवं."

मला मात्र त्या पुस्तकाचा थोडा राग आहे. पुस्तक गोड आहे, म्हणूनच राग आहे. त्यानं कुसुमावतींना कायमचं 'अनिलांची कुसुम' करून ठेवलं. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांवर त्यांनी पन्नाशीच्या दशकात जे लिहिलं, ते आजही कादंबरीचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. यमुनापर्यटनापासून पुढची पुस्तकं, त्यांतली बरीचशी रटाळ, एकेक करून वाचायची आणि कुठं काय नवं घडलं ते शांतपणे सांगायचं, हे काम हौसेचं नव्हे. आणि त्यांच्या कथा? 'दीपकळी', 'मोळी' काढून वाचा. घटना म्हणावी असं फार काही घडत नाही. एखादं साधं माणूस, त्याचा एखादा दिवस, आणि पाहणाऱ्याची नजर. नवकथा म्हणून ज्याचा पुढं एवढा गाजावाजा झाला त्यातलं बरंचसं या कथांत आधीच बसलेलं आहे. पण नवकथेचे मानकरी मोजताना आपण जी चार नावं घेतो ती चारही पुरुषांची, आणि कुसुमावतींचा उल्लेख 'पूर्वसूरी' म्हणून एका वाक्यात उरकतो.

१९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. पहिलं संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये भरलं होतं. म्हणजे पहिली बाई अध्यक्ष व्हायला ८३ वर्षं लागली, आणि ती विदर्भाची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. दुसरी बाई अध्यक्ष व्हायला १९७५ उजाडावं लागलं, कऱ्हाडला, दुर्गाबाई भागवत.

विदर्भ साहित्य संघ सीताबर्डीच्या झाशी राणी चौकात आहे. पुस्तक बदलायला तिथं गेलं की चौकातल्या पुतळ्याकडं नजर जाते, आता तर मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव मिळालंय. राणीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या कवयित्रीनं 'झाँसी की रानी' ही कविता लिहून राणीला उत्तर हिंदुस्थानातल्या पोराटोरांच्या तोंडी बसवलं, त्या सुभद्राकुमारी चौहान नागपुरातच सत्याग्रहात पकडल्या गेल्या, हे चौकात उभ्या असलेल्या कितींना ठाऊक असेल? १९२३ चा झेंडा सत्याग्रह. १ मे पासून रोज स्वयंसेवक तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्सच्या दिशेनं निघायचे आणि पोलीस त्यांना रोज धरायचे. प्रांतोप्रांतीची माणसं येऊन नागपूरचा तुरुंग भरून गेला, जमनालाल बजाज आत गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली, ऑगस्टात शेवट झाला. या सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या स्त्री सत्याग्रही सुभद्राकुमारी. वय पुरतं एकोणीसही नव्हतं.

कुसुमावती आणि सुभद्राकुमारी एकाच साली जन्मल्या, तीन महिन्यांच्या अंतरानं. एक इंग्रजी पुस्तकांच्या वाटेनं गेली, एक तुरुंगाच्या. सुभद्राकुमारी लग्न करून जबलपूरला आल्या होत्या, आणि जबलपूर तेव्हा आपल्याच प्रांतात, राजधानी नागपूर. पुढं त्या आमदार झाल्या. १५ फेब्रुवारी १९४८, वसंत पंचमी. विधानसभेच्या कामासाठी नागपूरला आलेल्या सुभद्राकुमारी मोटारीनं जबलपूरला परत निघाल्या आणि शिवनीजवळ अपघात होऊन गेल्या. आज पेंचच्या जंगलात वाघ पाहायला आपण त्याच रस्त्यानं जातो. १९५६ मध्ये नकाशा बदलला, हिंदी भाग तिकडं गेला, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि त्या सरहद्दीसोबत आमची आठवणही कापली गेली. सुभद्राकुमारी 'त्यांच्या' झाल्या.

गीता साने कुणाच्याच झाल्या नाहीत, आणि मला वाटतं त्यांना ते चाललंही असतं. वाशीमला १९०७ मध्ये जन्मलेली ही बाई विज्ञान शिकली. १९३६ मध्ये 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष' अशा कादंबऱ्या एकापाठोपाठ एक आल्या आणि सभ्य घरांत खळबळ उडाली. लग्नसंस्थेचं काय करायचं, बाईनं कुंकू-मंगळसूत्र का वागवायचं, मूल कुणाचं, असले प्रश्न. भाषा कुसुमावतींसारखी नाजूक नव्हे. कधीकधी पात्रं बोलायची सोडून भाषणंच करतात, ते वाचताना मला कंटाळाही येतो. पण १९३६ मध्ये हे बोलायला तोंड लागतं. लग्नानंतरही त्यांनी गीता साने हेच नाव ठेवलं. त्यांची मुलगी वसुधा धागमवार. आपल्याच चंद्रपूर भागातल्या देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना ज्या चौघांनी खुलं पत्र लिहिलं त्यांत वसुधाताई होत्या. देशातला बलात्काराचा कायदा बदलला तो त्या पत्रानं उठलेल्या वादळातून. आईच्या कादंबऱ्यांचे छापील कागद पिवळे पडले; लेकीनं त्यातला मुद्दा न्यायालयाच्या दारात नेऊन ठेवला.

कमलाबाई होस्पेट यांच्यावर वेगळं लिहायला हवं. त्या ना कवयित्री, ना पुढारी. कोवळ्या वयात वैधव्य आलं, सुईणकीचं शिक्षण घेतलं आणि १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ काढला. माझ्या पिढीतल्या नागपूरकराला जन्मस्थळ विचारा, दोघांतल्या एकाचं उत्तर मातृसेवा संघ. १९६१ मध्ये पद्मश्री. इथं एवढंच पुरे, कारण मला ज्या पंगतीबद्दल लिहायचं आहे ती अजून यायची आहे.

इथवरची सगळी नावं मला घरात मिळाली. आत्याच्या बोलण्यात, वडिलांच्या कपाटात, साहित्य संघाच्या ग्रंथालयात. पुढचं नाव त्या दारानं आत आलंच नाही. ते मला दीक्षाभूमीवर मिळालं. दसऱ्याच्या दिवसांत तिथं पुस्तकांची दुकानं लागतात. दुकानं म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला ताडपत्री, वर पुस्तकांचे गठ्ठे, आणि लाखोंच्या गर्दीतून वाट काढत येणारी गिऱ्हाइकं. साहित्य संमेलनातसुद्धा मी इतकी भराभर पुस्तकं विकली जाताना पाहिली नाहीत. माझ्या शेजारी उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं पदराच्या गाठीतून घड्या पडलेल्या नोटा काढून दुकानदार पोरापुढं ठेवल्या. "यात जेवढे येतील तेवढे दे. नातीले वाचाले पाह्यजे." पोरानं तिला चार पातळ पुस्तकं काढून दिली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तुम्ही हे घ्या. आपल्या नागपूरच्या बायका आहेत यात."

'आम्हीही इतिहास घडवला'. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, १९८९ मध्ये निघालेलं. या दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन, विचारून विचारून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या कहाण्या लिहून काढल्या. लिहिल्या नसत्या तर त्या त्या-त्या बाईबरोबर गेल्या असत्या.

त्यात जाईबाई चौधरी होत्या. जन्म १८९२, उमरेडचा, महार घरातला. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब पोट भरायला नागपूरला आलं. लग्न लहानपणीच झालं. पोटासाठी जाईबाई हमाली करत, नागपूर-कामठी ओझी वाहत. कामठी रस्ता आज पाहा. खाली गाड्या, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, त्याच्या विक्रमाच्या बातम्या आपण कौतुकानं वाचल्या. शहराच्या मध्यापासून कामठी साधारण पंधरा किलोमीटर. डोक्यावर ओझं घेऊन पायी.

एका मिशनरी नननं त्यांच्यातलं पाणी ओळखलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली, महिना ४ रुपये. मग वरच्या जातींतल्या पालकांना कळलं की मास्तरीणबाई महार आहे. आरडाओरडा झाला, पोरं शाळेतून काढू लागले. नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये नव्या वस्तीत स्वतःच शाळा काढली, मुलींची. नाव चोखामेळा कन्या शाळा. कमलाबाईंचा मातृसेवा संघ त्याच्या आदल्या वर्षीचा, झेंडा सत्याग्रह पुढच्या वर्षीचा. साहित्य संघाची स्थापनाही १९२३ ची, अमरावतीची. सारं तीन वर्षांच्या आत घडत होतं, आणि नव्या वस्तीतून सीताबर्डीला पायी जाता येतं. आम्ही मात्र ही चारही कामं चार वेगळ्या कपाटांत कुलूप लावून ठेवली.

जाईबाई एकट्या नव्हत्या. दलित पुढारी किसन फागू बनसोड्यांच्या छापखान्याच्या कामात तुळसाबाई बनसोडे होत्या. गिरणीत राबता राबता कामगार संघटनेत पुढं आलेल्या राधाबाई कांबळे होत्या. यांच्यासाठी राजकारण विधानसभेत नव्हतं. विहिरीवर, खात्यातल्या मुकादमासमोर आणि शाळेच्या दारात होतं.

आणि आता १९३७ चा डिसेंबर. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. अध्यक्ष राजकुमारी अमृत कौर. देशभरातून शिकल्यासवरल्या, पुढारलेल्या बायका आल्या होत्या. स्त्रीशिक्षण, वारसाहक्क, बालविवाह यांवर बोलणाऱ्या. जाईबाईही गेल्या होत्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा जाईबाईंना आणि त्यांच्यासोबतच्या बायकांना वेगळं बसवलं गेलं.

इतकंच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पानं मांडली होती, त्यांतली काही लांब मांडली होती.

मी हा भाग आत्याला वाचून दाखवला. तिचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं, "तेव्हा तशीच रीत होती गं." मी तिला वर्षं मोजून दाखवली. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पुणे करार १९३२ चा. गांधीजींची हरिजन यात्रा १९३३ च्या नोव्हेंबरात निघाली ती कुठून, तर शेजारच्या वर्ध्यातून. माहीत नव्हतं, ऐकलं नव्हतं, असं त्या मांडवातल्या कुणालाही म्हणता आलं नसतं. याच वर्षी याच शहरात विधानसभेची उपसभापती बाई होती. आत्या थोडा वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "पंगत कधी पुरुष मांडतात का? कोण कुठं बसणार, कुणाला आधी वाढायचं, कुणाला कुठल्या भांड्यात, हे सगळं आमच्याच हातात असायचं. तेवढंच तर आमच्या हातात होतं."

तिच्या या बोलण्यानं मला जे सुचलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या बायका वडिलांशी, नवऱ्याशी, सरकारशी भांडत होत्या आणि खरंच भांडत होत्या; त्यांचं मोठेपण मी कमी करत नाही. पण ज्या एका जागी त्यांची सत्ता आधीपासून होती, जिथं कुणाची परवानगी लागत नव्हती, तिथं त्यांनी काय केलं? कायदा बदलायला सभागृह लागतं, पान सरकवायला काय लागतं?

जाईबाईंनी आणि त्यांच्या सोबतिणींनी अपमान गिळला नाही. नवीन वर्ष लागताच नागपुरात दलित बायकांची निषेध सभा झाली.

मागच्या ८ मार्चला एका महिला मंडळानं 'नागपूरच्या कर्तबगार स्त्रिया' यावर बोलायला मला बोलावलं होतं. वीस मिनिटं. मुद्दे आधी पाठवा म्हणाले, पाठवले. संध्याकाळी फोन आला. "ताई, सगळं छान आहे हो. फक्त ते जेवणाचं नका ना घेऊ. बायका सणासारख्या नटूनथटून येतात, उगाच मूड जातो. पद्मश्री वगैरे घ्या ना जास्त." मी बरं म्हटलं आणि कार्यक्रमात सुरुवातच जाईबाईंपासून केली. कुणाचा मूड गेल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी पर्समधून पेन काढून हातातल्या निमंत्रणपत्रिकेवर काहीतरी टिपून घेतलं आणि शेजारणीला ढोसून विचारलं, "उमरेडची म्हणाली ना? आमच्या माहेरची!" फोन करणाऱ्या बाई पूर्ण वेळ मोबाइलवर फोटो काढत होत्या.

मला सर्वांत जास्त रमायला होतं ते मात्र १९४२ च्या जुलैत. 'चले जाव'ला अजून तीन आठवडे अवकाश होता. नागपुरात मोहन पार्कला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्य समाजाची मोठी परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथंच जन्माला आलं. त्यालाच जोडून २० जुलैला महिलांची परिषद. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील. वीस-पंचवीस हजार बायका. जुलैचा नागपूर म्हणजे चिखल आणि दमट उकाडा. गिरणीतल्या, बिडीतल्या, शेतावरच्या बायका रोजी बुडवून आल्या असणार. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचं प्रसिद्ध बोलणं इथलंच. ते भिंतीभिंतीवर रंगवलेलं दिसतं. सुलोचनाबाई काय बोलल्या ते कुठं रंगवलेलं दिसत नाही. त्या संततिनियमनावर बोलल्या. १९४२ मध्ये, उघड्या मांडवात, हजारो कष्टकरी बायकांसमोर. र. धों. कर्व्यांना याच विषयापायी मुंबईत नोकरी गमवावी लागली होती आणि कोर्टही पाहावं लागलं होतं.

ठराव पाहा. घटस्फोटाचा हक्क हवा. एकीच्या उरावर दुसरी बायको आणण्याला कायद्यानं बंदी हवी. गिरणी, बिडी, रेल्वेत राबणाऱ्या बायकांना पगारी रजा, अपघाताची भरपाई, म्हातारपणी पेन्शन हवी. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी. या शेवटच्या मागणीमागं काय काय भोगलेलं असेल हे कुठल्याही नोकरदार बाईला सांगावं लागणार नाही. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृहं हवीत. या मागण्या ज्यांच्यासमोर झाल्या ते बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. हिंदू बायकांना घटस्फोट मिळायला आणि दुसऱ्या बायकोवर देशभर बंदी यायला १९५५ चा कायदा यावा लागला. नागपूरची कापडगिरणी एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. जाईबाईंच्या नावाची शाळा नागपुरात आहे, ती त्यांच्याच लोकांनी चालवली.

आणखी एक ठराव होता: कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत आमच्या समाजातल्या बायकांना राखीव जागा हव्यात. २०२३ च्या सप्टेंबरात संसदेनं महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमधल्याही एक तृतीयांश जागा बायकांसाठी आहेत. त्या रात्री वाहिन्यांवर इतिहास सांगत होते, १९९६ पासूनचा. मोहन पार्कचं नाव माझ्या तरी कानावर आलं नाही. आणि मंजूर झालं म्हणजे लागू झालं असंही नाही. आधी जनगणना व्हायची, मग मतदारसंघांची फेररचना व्हायची, मग.